पुढच्याचा पत्ता

पूर्णगडहून सहा दहाची एसटी. पावस, गोळप, भाट्याचा पूल,
तिथून पुढे रिक्षाचे पैसे वाचवत चालत.
गणपतीला अजून बावीस दिवस
आणि फळ्यावर खडूने: डेटा स्ट्रक्चर्स, तास पहिला.

चौसष्ट मुलं. एकतीस संगणक, त्यातले चालू सव्वीस.
माझ्या वाट्याला अर्धं बाकडं, अर्धा कीबोर्ड.
उरलेला अर्धा झाकिया सोलकरकडे,
जी आठवीपासून कोडिंग करते, असं तिनेच
पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

साखळकर मॅडमनी चौकोन काढला, मधे उभी रेघ.
"डावीकडे माल. उजवीकडे पुढच्याचा पत्ता.
अख्खी यादी कुणाकडेच नसते.
ज्याला त्याला फक्त पुढचा ठाऊक."

वर्ग भराभर लिहून घेत होता.
मी पेन उघडलंच नाही.

माझी आई गावची पोस्टवाली.
पाकिटावर घर क्रमांक असतो,
तो फक्त पाकिटालाच माहीत.
नवखा माणूस साकवाशी येऊन विचारतो, लोगड्यांचं घर कुठलं?
त्याला म्हणायचं, पाष्ट्यांकडे विचारा.
पाष्टे सांगतात, काजूंमधून वर जा, कुत्रा भुंकेल, त्या घरी विचारा.
कुत्र्याचं घर म्हणतं, ते काय, धूर दिसतोय ना.
घामाघूम, दोन घरचं ताक पिऊन
माणूस हातोहात पोचतो.

दुपारी प्रॅक्टिकल.
पाच नावांची साखळी केली. खरीच नावं घातली,
खोटी सुचेनात.
मॅडम म्हणाल्या, आता तिसरं काढा.
काढलं.
पडद्यावर दोन नावं आली
आणि खाली एक इंग्रजी ओळ, खेकसल्यासारखी.
चौथ्या-पाचव्याचा पत्ताच लागेना.
"आहेत ती," मॅडम म्हणाल्या, "मेमरीत, जागच्या जागी.
फक्त त्यांच्याकडे जाणारं आता कुणी नाही."

मी पडद्याकडे बघत राहिले.
झाकिया कानाशी पुटपुटली,
"आधी मागच्याला पुढच्याचा पत्ता दे.
मग मधल्याचा पत्ता कट."
(बरी आहे मुलगी. डबाही अर्धा दिला,
त्यात सुक्या जवळ्याची चटणी.)

नारकरांच्या घराला कुलूप लागून चार वर्षं झाली.
सगळी नालासोपाऱ्याला.
आई अजून सकाळी टपाल लावताना
त्यांच्या जागी कोरा पुठ्ठा घालते.
मी हसायचे.
ती म्हणायची, वाट त्यांच्या खळ्यातनं जाते.
पुठ्ठा काढला तर पाय चुकतो माझा,
आणि येसूआतेची पेन्शन
पिशवीतच राहते.

एसटीत खिडकीशी बसून हे सगळं
वहीच्या मागच्या पानावर चौकोनांनी काढलं.
खड्ड्यांमुळे बाण वाकडे गेले,
एक तर थेट खाडीत.

रात्री आईने विचारलं, "काय शिकवलानी गो आज?"
उकडलेल्या आठळ्या होत्या. पाच घेतल्या, ओळीत मांडल्या.
हिच्याकडे हिचा पत्ता, हिच्याकडे हिचा.
"आणि शेवटचीकडे?"
"तिथे नल लिहायचं."

आईचा हात थांबला.
"नळ? शेवटच्या घराला कुठला गो नळ?
पाणी गुरववाडीतच संपतं.
येसूआते अजून डोकीवरनं आणते."

मी म्हटलं, तसा नाही. नल.
म्हणजे इथून पुढे काही नाही.

तिने जरा विचार केला.
"मग बरोबर लिहितात," म्हणाली,
आणि शेवटची आठळी सोलून
माझ्या ताटात टाकली.